कोलरिजची ‘द राइम ऑफ द एन्शंट मरिनर’: प्रतिमा आणि बोध यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅम्युएल टेलर कोलरिज (१७७२–१८३४) यांचं हे सागरी कथाकाव्य इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना कधी ना कधी भेटतंच. गोष्ट सगळ्यांना कळते. घोडं अडतं ते दोन ठिकाणी: इतक्या प्रतिमा आहेत त्यांचं करायचं काय, आणि शेवटी कवितेतला म्हातारा खलाशी जो बोध सांगतो तोच कवितेचा बोध मानायचा का? इथली उत्तरं त्या दोन प्रश्नांभोवती आहेत. ओळींचे क्रमांक १८३४च्या, म्हणजे ६२५ ओळींच्या पाठाचे आहेत.

कोणता पाठ वाचावा? माझ्या पुस्तकात बाजूला गद्य टिपा आहेत, मित्राच्या पुस्तकात नाहीत.

दोन्ही खरे पाठ आहेत, फक्त वेगवेगळ्या वर्षांचे. कविता पहिल्यांदा १७९८ मध्ये ‘लिरिकल बॅलड्स’ या संग्रहात आली. संग्रहातली ती पहिलीच कविता होती आणि पुस्तकावर कवीचं नाव नव्हतं. तेव्हा शब्दांची वर्णलेखनं मुद्दाम जुन्या वळणाची ठेवली होती. १८०० च्या आवृत्तीत ती बरीचशी बदलली. समासातल्या गद्य टिपा आणि सुरुवातीचा लॅटिन उतारा आले १८१७ मध्ये, ‘सिबिलाइन लीव्ह्ज’ या संग्रहात. अभ्यासक्रमात बहुधा हाच टिपांसह असलेला पाठ असतो.

या टिपांवर बहुतेकांचा पाय घसरतो. त्या म्हाताऱ्या खलाशाच्या तोंडच्या नाहीत. कोणा जुन्या, धर्मनिष्ठ विद्वानाने ही कथा संपादित केली आहे असा आव आणून कोलरिज यांनी त्या लिहिल्या आहेत, आणि हा विद्वान ओळींपेक्षा जास्त ठामपणे बोलतो. उदाहरणार्थ, खलाशांनी हत्येचं समर्थन केलं म्हणून ते गुन्ह्यात भागीदार झाले, हे टीप सांगते. कवितेच्या ओळीत एवढंच आहे की धुकं विरलं आणि ते म्हणाले, असा पक्षी मारला ते बरंच झालं. उत्तर लिहिताना ‘टीप म्हणते’ आणि ‘ओळ म्हणते’ हे वेगळं ठेवा.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

लग्नाला निघालेल्या तीन वऱ्हाड्यांपैकी एकाला एक म्हातारा खलाशी अडवतो आणि आपली कथा ऐकवतो. जहाज दक्षिणेकडे बर्फात अडकतं. अल्बट्रॉस पक्षी येतो, बर्फ फुटतं, वाट मोकळी होते. खलाशी त्या पक्ष्याला क्रॉसबोने, म्हणजे चाप ओढून बाण सोडायच्या धनुष्याने, मारतो. पुढे पॅसिफिकमध्ये वारा पडतो आणि प्यायचं पाणी संपतं. एका भुताळी जहाजावर मृत्यू आणि ‘जिवंत मरण’ नावाची स्त्री फासे खेळतात. दोनशे खलाशी मरतात, हा एकटा उरतो. पाण्यातले साप पाहून त्याच्या तोंडून नकळत आशीर्वाद निघतो आणि शाप सैल होतो. मेलेल्यांच्या देहांत शिरलेले देवदूत जहाज चालवतात. मायदेशाच्या बंदरात जहाज बुडतं. खलाशी वाचतो, पण गावोगाव हीच कथा सांगत फिरणं त्याच्या नशिबी येतं.

त्याने पक्षी का मारला?

कविता कारण देत नाही, आणि ते विसरून राहिलेलं नाही, काढून टाकलेलं आहे. मूळ सूचना कविमित्र विल्यम वर्डस्वर्थ यांची. त्यांनी जॉर्ज शेल्व्हॉक यांचं १७२६ साली छापलेलं सफरीचं वर्णन वाचलं होतं. त्यात केप हॉर्नजवळ सायमन हॅटली नावाचा अधिकारी एक काळा अल्बट्रॉस मारतो. तो खिन्न स्वभावाचा, हवामान सतत खराब, आणि हा काळा पक्षी अपशकुनी आहे असं त्याच्या मनाने घेतलेलं. म्हणजे मूळ वृत्तान्तात कारण होतं. कोलरिज यांनी ते पुसलं आणि पक्ष्याला उलट शुभ केलं: तो हाकेला येतो, हातचं खातो, नऊ संध्याकाळी डोलकाठीवर किंवा दोरखंडांवर बसतो.

मग ओळ ८१–८२ मध्ये, मध्येच वऱ्हाडी विचारतो, ‘तुझा चेहरा असा का झाला?’ आणि उत्तर येतं, ‘मी अल्बट्रॉसला मारलं.’ पहिला भाग तिथेच संपतो. भूक, भीती, खेळ, राग, काहीही नाही. ‘भुकेपोटी मारला’ किंवा ‘अपशकुनी वाटला म्हणून मारला’ असं लिहिलेलं उत्तर चुकीचं ठरतं. पक्षी धुकं आणतो असं इतर खलाशी म्हणतात खरं, पण ते हत्येनंतर, स्वतःची समजूत घालण्यासाठी. त्याआधी त्याच पक्ष्याने वारा आणला होता म्हणून त्यांनीच मारणाऱ्याला शिव्या घातलेल्या असतात.

हे ‘विनाकारण’ नीट लक्षात ठेवा. साप दिसतात तेव्हा त्याचा जोडीदार शब्द येणार आहे.

प्रतिमा आणि प्रतीक यांत फरक कसा करायचा?

जे डोळ्यांना, कानांना, त्वचेला जाणवतं ती प्रतिमा: पाचूसारखं हिरवं, डोलकाठीएवढं उंच बर्फ. ती प्रतिमा वारंवार येऊन स्वतःपलीकडचं काही सुचवू लागली की तिचं प्रतीक होतं. घोटाळा होतो तो घाई केल्याने. ‘अल्बट्रॉस म्हणजे ख्रिस्त, साप म्हणजे पाप, समुद्र म्हणजे मन’ अशी यादी पाठ केली की वाचन संपतं.

त्यापेक्षा असं करा. एक प्रतिमा निवडा, पाणी किंवा डोळे किंवा वारा. सातही भागांत ती जिथे जिथे येते त्या ओळींवर पेन्सिलीने खूण करा. प्रत्येक खुणेसमोर एकच शब्द लिहा: तिथे तिचा गुण काय आहे? थंड, कुजका, लाल, शांत. मग पाहा, गुण कुठे बदलला आणि त्याच क्षणी कथेत काय घडलं. या कवितेत अर्थ प्रतिमेत साठवलेला नसतो, तो प्रतिमा पालटते त्या जागी असतो.

पाणी आणि तहान यांची साखळी कशी वाचायची?

‘पाणीच पाणी चोहीकडे, प्यायला थेंब नाही’ (१२१–१२२) ही ओळ सगळ्यांना ठाऊक आहे. ती आधी अक्षरशः खरी आहे हे विसरू नका. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते बाहेर टाकायला मूत्रपिंडांना प्यायल्यापेक्षा जास्त पाणी लागतं, म्हणून खारं पाणी प्यायल्याने तहान वाढते आणि माणूस लवकर मरतो. चोहीकडचं पाणी निरुपयोगी असतं ते या कारणाने.

आता साखळी पाहा. घसा इतका कोरडा होतो की काजळी कोंबल्यासारखं बोलणं बंद होतं. जहाज दिसल्याचं ओरडून सांगायला खलाशी स्वतःचा दंड चावतो आणि रक्त पितो. चौथ्या भागात तो प्रार्थना करू पाहतो, पण एक दुष्ट कुजबुज येते आणि काळीज धुळीसारखं कोरडं होतं (२४४–२४७). कोरडेपणा घशातून काळजात उतरला. थोड्याच ओळींनंतर काळजातून प्रेमाचा झरा उसळतो (२८४). त्यानंतर झोप, आणि जाग येते तेव्हा पाऊस पडत असतो. ओठ ओले, घसा गार, कपडे भिजलेले. म्हणजे पाणी आधी आत फुटतं, मग आकाशातून पडतं. एवढं ओळींच्या आधाराने दाखवलंत तरी ‘प्रतिमांचा वापर’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं.

पाण्यातल्या सापांना इतकं महत्त्व का?

कारण जीव तेच राहतात आणि नजर बदलते. तीन जागा शेजारी ठेवून वाचा.

पहिली, ओळ १२३–१२६. समुद्र कुजतो आहे आणि बुळबुळीत समुद्रावर पाय असलेले बुळबुळीत जीव सरपटत आहेत. किळस, आणि काही नाही.

दुसरी, २३६–२३९. मेलेली माणसं किती सुंदर होती, आणि हजारो हजार बुळबुळीत जीव जगत राहिले, ‘आणि मीही’. किळस अजून आहे, पण आता तो स्वतःलाही त्याच रांगेत बसवतो. ‘सुंदर’ हा शब्द इथे फक्त मेलेल्या माणसांसाठी आहे. पुढच्याच कडव्यात तो कुजत्या समुद्राकडे बघतो आणि नजर काढून घेतो.

तिसरी, २७२–२८७. चंद्र वर आला आहे. जहाजाच्या सावलीबाहेर साप पांढऱ्या प्रकाशाच्या रेषा ओढत जातात, सावलीच्या आत ते निळे, तकतकीत हिरवे, मखमली काळे दिसतात. ही सावली काही ओळींपूर्वीच भयाण लाल जळत होती. त्या लाल पाण्यातच त्याला रंग दिसतात. इंग्रजी क्रियापदही बदलतं: आधी ‘लुक्ड’, आता ‘वॉच्ड’. नजर काढून घेणारा माणूस आता टक लावून पाहतो आहे. आणि सौंदर्याचा शब्द, जो माणसांपुरता होता, तो सापांना मिळतो.

मग तो त्यांना आशीर्वाद देतो, ‘अनअवेअर’, नकळत. हा शब्द एकाच कडव्यात दोनदा येतो आणि स्वतःशीच यमक जुळवतो. बॅलडच्या, म्हणजे लोकगीताच्या वळणाच्या कथाकाव्याच्या, सफाईदार रचनेत असं करणं हे ठळक बोट ठेवणं आहे. हाच तो जोडीदार शब्द. विनाकारण मारणं आणि न ठरवता आशीर्वाद देणं, या दोन क्षणांवर सगळी कविता तोललेली आहे. त्याने पुण्य करायचं ठरवलं असतं तर तो सौदा झाला असता. लक्ष असू द्या, आधी आशीर्वाद येतो आणि प्रार्थना त्यानंतर जमते (२८८). प्रार्थना करायचा प्रयत्न आधी फसलेला असतो.

सूर्य वाईट आणि चंद्र चांगला, असं शिकवलं जातं. बरोबर आहे का?

अर्धवट. अमेरिकन कवी-समीक्षक रॉबर्ट पेन वॉरन यांनी १९४६ च्या निबंधात चंद्रप्रकाश कल्पनाशक्तीशी जोडला, आणि वर्गात तेच सोपं होत होत ‘चांगला-वाईट’ झालं. त्याला पुरावा आहे: खलाशी हत्येला दाद देतात ते सूर्य झळाळून वर येतो तेव्हा, तांबूस तापल्या आकाशात भर दुपारी रक्ताळ सूर्य उभा असतो, आणि आशीर्वाद चंद्रप्रकाशात घडतो. पण दोनशे माणसं मरतात तीही चंद्राखालीच, शिंगाळ्या चंद्राच्या खालच्या टोकाशी एक तारा असताना. आणि पाचव्या भागात पहाटे देहांतून निघालेले गोड स्वर सूर्याकडे उडतात. सूत्र लिहायचं तर हे अपवादही लिहा. परीक्षक तेच शोधत असतात.

मोठा सागरी प्रवास कधी न केलेल्या कवीने हे सगळं कुठून आणलं?

कविता लिहिली तेव्हा कोलरिज सॉमरसेटमधल्या नेदर स्टोवी गावात राहत होते. मोठा सागरी प्रवास त्यांनी केला तो सप्टेंबर १७९८ मध्ये, जर्मनीला जाताना, कविता लिहून झाल्यावर. पण त्यांनी सफरींची वर्णनं भरपूर वाचली होती, आणि ज्या क्राइस्ट्स हॉस्पिटल शाळेत ते शिकले तिथले गणिताचे शिक्षक विल्यम वेल्स हे कॅप्टन कुक यांच्या दुसऱ्या सफरीत खगोलशास्त्रज्ञ होते. जहाज दक्षिणेला जाताना सूर्य डावीकडून उगवतो आणि पुढे उत्तरेला वळल्यावर उजवीकडून, हे त्यांनी अचूक ठेवलं आहे. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश जेमतेम असतो, तोही दोन ओळींत आहे: सूर्याची कड बुडते, तारे धावत येतात, एका ढांगेत अंधार.

रात्री पाणी हिरवं, निळं, पांढरं जळतं (१२९–१३०) ते वाचून कोकणातल्या वाचकाला नवल वाटणार नाही. काळोख्या रात्री लाट फुटताना निळसर चमकते, ती सूक्ष्म जीवांमुळे. कोलरिज त्याला चेटकिणीच्या तेलाची उपमा देतात. इथे आधी प्रत्यक्ष दृश्य समजून घ्या, मग उपमेकडे वळा.

आणि जहाजामागे ‘नाइन फॅदम’ खोलवरून एक आत्मा येतो, ते आपले नऊ वाव, म्हणजे सुमारे साडेसोळा मीटर. बघता येणार नाही इतकं खोल, तरी पाठलाग जाणवेल इतकं जवळ.

गळ्यात लटकवलेला पक्षी म्हणजे नेमकं काय?

मराठीत ‘गळ्यात धोंड’ म्हणतो, ती छटा त्यात आहे, आणि इंग्रजीत ‘गळ्यातला अल्बट्रॉस’ हा वाक्प्रचार याच कवितेतून आला. पण धोंड बाहेरून लादलेली असते, इथे लटकवलेली वस्तू गुन्ह्याचा पुरावा आहे. शिवाय ती क्रूसाच्या जागी येते, असं ओळ १४१–१४२ स्पष्ट सांगते. हत्यार आहे क्रॉसबो, त्यातही ‘क्रॉस’ आहे. भटक्या अल्बट्रॉसचे पंख साडेतीन मीटरपर्यंत पसरतात, तेव्हा एवढा पक्षी गळ्यात मावेल कसा, ही शंका रास्त आहे. कथेत तो मावतो असं धरून चाला. कोलरिज यांनीच १८१७ मध्ये काव्यवाचकाच्या ‘अविश्वास स्वेच्छेने बाजूला ठेवण्या’बद्दल लिहिलं आहे, ते याच प्रकारच्या कवितांच्या संदर्भात.

शिक्षा फारच मोठी नाही का? आणि इतर खलाशी मेले, हा वाचला, हा कसला न्याय?

तुमची अस्वस्थता योग्य आहे, तिला दाबू नका. माणसांची नशिबं फाशांवर ठरतात. फासे म्हणजे न्यायाचा तराजू नव्हे. मृत्यूला खलाशी मिळतात आणि ‘जिवंत मरण’ या स्त्रीला आपला म्हातारा. तिचे ओठ लाल, केस सोनेरी, कातडी कोडासारखी पांढरी. मरणं ही हलकी शिक्षा आणि जगणं ही जड, हा उलटा हिशेब आहे. दोनशे आत्मे उडून जाताना त्याला क्रॉसबोचा सूं आवाज ऐकू येतो (२२३), म्हणजे प्रत्येक मरणात त्याचा तो एक बाण पुन्हा सुटतो. जगाची नीती सरळ आणि हिशेबी आहे असं ही कविता म्हणत नाही. ते म्हणतो तो फक्त म्हातारा, शेवटी.

मग शेवटचा बोध खरा मानायचा की नाही?

ओळ ६१२–६१७: जो माणूस, पक्षी, पशू सगळ्यांवर चांगलं प्रेम करतो तोच चांगली प्रार्थना करतो. हा बोध खोटा नाही. सापांच्या प्रसंगात आधी प्रेम, मग प्रार्थना हा जो क्रम घडला, तोच इथे शब्दांत आला आहे. फरक इतकाच की तिथे तो भोगून मिळाला आणि इथे तो मुलांच्या प्रार्थनेसारखा गोड झाला.

कवयित्री ॲना लेटिशिया बार्बोल्ड यांनी या कवितेत बोध नाही अशी तक्रार केली होती. १८३० मधल्या एका संभाषणात कोलरिज ती आठवण सांगतात आणि म्हणतात की उलट तिच्यात बोध जरा जास्तच उघड आहे. अरबी कथेतला व्यापारी विहिरीपाशी खजूर खाऊन बिया फेकतो, जिनी उभा राहून म्हणतो, एका बीमुळे माझ्या मुलाचा डोळा गेला, आता तुला मारणार. कवितेत तेवढाच बोध असायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं. आमच्या मते बोध शोधायचा तर बोध सांगणाऱ्या या कडव्यांपेक्षा चौथ्या भागात शोधावा. आणि वऱ्हाडी काय करतो तेही बघा: बोध ऐकून तो आनंदाने लग्नात जात नाही. नवरदेवाच्या दारातून परत फिरतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त दुःखी, जास्त शहाणा होऊन उठतो.

त्याला क्षमा मिळते का?

पश्चात्ताप, प्रायश्चित्त आणि क्षमा हे तीन शब्द वेगळे ठेवा, मराठीत आपण ते सर्रास एकत्र करतो. पश्चात्तापाची कबुली त्याच्या तोंडी फारशी नाहीच. प्रायश्चित्ताबद्दल पाचव्या भागाच्या शेवटी अदृश्य आवाज म्हणतो: केलं आहे आणि अजून करील. किनाऱ्यावर तो वनातल्या साधूकडे पापमुक्ती मागतो, साधू उलट विचारतो, ‘तू कसला माणूस आहेस?’ आणि त्याच क्षणी वेदना त्याला पिळून कथा बाहेर काढते. नंतर अवेळी तीच वेदना परत येते आणि कथा सांगेपर्यंत थांबत नाही. पापमुक्तीचे शब्द साधूने उच्चारल्याचं कवितेत कुठेही नाही.

वाल्मीकींच्या क्रौंचवधाशी तुलना करावी का?

कराच, पण प्रभावाचा दावा करू नका. साम्य उघड आहे: बाण, पक्षी, शाप, आणि त्यातून काव्य. खरा नफा फरकात आहे. तिथे निषाद मारतो आणि पाहणारा ऋषी कवी होतो. इथे मारणाराच कथेकरी होतो. म्हणून तिथे शोकाचा श्लोक बनतो आणि इथे कबुलीजबाब बनतो, जो एकदा सांगून संपत नाही.

उद्धृतं देताना कुठे चुका होतात?

तीन जागी. प्रसिद्ध ओळ ‘नॉर एनी ड्रॉप टु ड्रिंक’ अशी आहे, ‘अँड नॉट अ ड्रॉप’ अशी नाही. शेवटच्या बोधात ‘ऑल थिंग्ज बोथ ग्रेट अँड स्मॉल’ आहे, ‘क्रीचर्स’ नाही. आणि ‘अ सॅडर अँड अ वायझर मॅन’मध्ये ‘अ’ दोनदा येतो, तो गाळला की लय मोडते.

मोठ्याने वाचायची असेल तर?

वाचाच. पूर्ण कवितेला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. नेहमीचं कडवं चार ओळींचं, ठोके ४-३-४-३, यमक दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत. हा ठोका टाळीवर धरून पहिला भाग वाचा. मग जिथे कडवं लांबतं तिथे थांबून खूण करा. सर्वांत लांब कडवं नऊ ओळींचं आहे, तिसऱ्या भागात, ओळ २०३ पासून: सगळे कान देऊन, तिरक्या नजरेने वर बघत आहेत, सुकाणूवाल्याचा चेहरा दिव्याजवळ पांढरा दिसतो, शिडांवरून दंव ठिबकतं आणि चंद्र वर येतो. पुढच्याच कडव्यात माणसं मरायला लागतात. ते कडवं वाचताना घाई करू नका, प्रत्येक ओळीनंतर एक श्वास घ्या.